मग ताई कोण?

समजा, हे काम तुमच्याकडे आलं आहे. तुम्ही कोर्टात उंच खुर्चीवर बसला आहात, समोर फाइल आहे आणि फाइलीत चार वर्षांच्या एका मुलाची वाक्यं आहेत. मुलगा समोर नाही. त्याची वाक्यं त्याने डॉक्टरला सांगितली, डॉक्टरने अधिकाऱ्यांना सांगितली, अधिकाऱ्यांनी ती टाइप केली. जेवणाच्या सुट्टीआधी तुम्हाला ठरवायचं आहे की हा मुलगा आज घरी झोपणार की बालगृहात. घरी पाठवला आणि उद्या त्याला काही झालं, तर तुमचं नाव वर्तमानपत्रात येईल. बालगृहात पाठवला आणि घरात मुळात काही वाईट नव्हतंच, तर ते कुणाला कधी कळणारही नाही. बाहेर बाकावर अजून बरीच प्रकरणं ताटकळत आहेत. सांगा, काय कराल?

खरं सांगायचं तर मीही बहुतेक तेच केलं असतं, जे त्या कोर्टाने केलं. आणि राग त्याचाच येतो. एखादी व्यवस्था अशी बांधून ठेवायची की तिच्यात बसलेला सरळ माणूससुद्धा नेहमी एकाच बाजूला चुकेल, आणि चुकला तर कुठे घंटासुद्धा वाजणार नाही. आमच्या कामात असं यंत्र कुणी बसवलं असतं तर त्याला पहिल्याच आठवड्यात हाकललं असतं.

ही गोष्ट आमच्या लाँड्रीतल्या ताईची आहे.

आमची लाँड्री रुग्णालयांच्या चादरी धुते. ओल्या चादरी एका भल्यामोठ्या तापलेल्या रोलरखालून जातात आणि पलीकडून कोरड्या, कडक होऊन बाहेर येतात. रोलरच्या तोंडाशी दोन बायका उभ्या असतात. दोघींनी चादरीची दोन टोकं धरायची, एकदम ताणायची, एकदम सोडायची. एकीचा हात मागे राहिला की चादर तिरकी जाते, गुंडाळते आणि यंत्र बंद करून मला हाक मारावी लागते, कारण यंत्रांची दुरुस्ती माझ्याकडे आहे. ताई डाव्या टोकाला असते. तिच्या जोडीला अगदी नवखी बाई दिली तरी चादर तिरकी जात नाही. ताई सतत बोलत असते आणि तिच्या बोलण्याच्या तालावर समोरचीचे हात आपोआप चालतात.

"धर, ताण, सोड. अगं, चादर आहे ती, नवऱ्याची कॉलर नाही. एवढी नको ओढूस."

तिला सगळे ताई म्हणतात. मी म्हणतो, तिच्याहून वयाने मोठ्या बायका म्हणतात, मॅनेजरसुद्धा म्हणतो. नवीन आलेल्या पोरींना तिचं खरं नाव कळायला महिनोन्महिने लागतात, आणि कळलं की त्यांना ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं.

घरीही ती ताईच. भावंडांत थोरली. वडील लवकर गेले, धाकट्या भावाला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं, तो तिला ताई म्हणतो. पुढे तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली, नवऱ्याने दुसऱ्या शहरात दुसरा संसार थाटला आणि ती मुलांना घेऊन आईकडे परत आली. मुलं बोलायला शिकली ती याच घरात. मामा हिला ताई म्हणतो, म्हणून मुलंही ताई म्हणू लागली. मामा आणि ताई आपल्या आईला आई म्हणतात, म्हणून मुलांचीही ती आई झाली. यात नवल ते काय? आपल्यातल्या कितीतरी घरांत हेच चालतं. कुणाची मुलं आईला वहिनी म्हणतात, कुणाची अक्का म्हणतात. बापाला दादा, काका, भाऊ म्हणणारे तर पायलीला पन्नास. कुणी दुरुस्त करत नाही, कारण घरात कुणाचाही गोंधळ होत नाही. हाक मारली की जिला मारली ती ओ देते.

वाचणाऱ्याची ओढाताण नको म्हणून मी इथे ताईच्या आईला आजी म्हणणार आहे. त्या घरात मात्र 'आजी' हा शब्द कुणी कधी उच्चारला नव्हता.

मुलांपैकी मोठी मिरी, सात वर्षांची, बारीक आणि तिखट. धाकटा ढब्बू, चार वर्षांचा, नावाप्रमाणेच. ताई दिवसभर लाँड्रीत, मामा टायरच्या दुकानात. शाळेतून आलेल्या मुलांना जेवायला घालणं, निजवणं, भांडणं सोडवणं हे आजीकडे. आजीचे गुडघे गेलेले आणि रक्तदाब वाढलेला. ती काठी घेऊन चालते, दुपारची गोळी घेतली की तिला डुलकी लागते. पोरं फार दंगा करायला लागली तर बसल्या जागेवरून काठी जमिनीवर आपटते. उठून जाण्यापेक्षा ते सोपं.

एका सुट्टीच्या दुपारी ढब्बूने पलंगावरून मामाच्या पाठीवर उडी मारली. मामा नेमका त्याच क्षणी चप्पल शोधायला वाकला. ढब्बू त्याच्यावरून पलीकडे गेला आणि त्याचं मनगट मोडलं. ताई त्याला उचलून रुग्णालयात घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता, चांगला होता, मुलांशी बोलायची त्याला आवड होती. ताई एक्सरेच्या खिडकीपाशी रांगेत उभी असताना त्याने ढब्बूशी गप्पा मारल्या. या गप्पा पुढे कोर्टात वाचून दाखवल्या गेल्या, म्हणून मला शब्दन् शब्द माहीत आहे.

"तुझ्याबरोबर कोण आलंय रे?"

"ताई."

"आई नाही आली?"

"आई झोपलीय."

"दिवसा?"

"गोळी खाल्ली ना तिने. गोळी खाल्ली की आई झोपते."

"मग तुझ्याकडे कोण बघतं?"

"मीच."

"आई रागावते का तुला?"

"काठी आपटते."

ढब्बूच्या पाठीवर घसरगुंडीवरून पडल्याचा जुना निळा डाग होता. तोही डॉक्टरने पाहिला. ताई एक्सरे घेऊन परत आली तेव्हा त्याने विचारलं, "तुम्ही याची मोठी बहीण का?"

ताई लाजली, हसली आणि म्हणाली, "नाही हो, मीच आई."

दुसऱ्या दिवशी रोलरपाशी हा किस्सा तिने सगळ्यांना रंगवून सांगितला. "डॉक्टरने मला पोराची बहीण समजलं. आता बोला."

"त्याच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल," समोरचं टोक धरलेली बाई म्हणाली.

"जळतेस तू."

आम्ही सगळे हसलो. तिकडे डॉक्टरने बालसंरक्षण कार्यालयाला कळवून टाकलं होतं: आई गोळ्यांच्या अमलाखाली दिवसा झोपते, काठी वापरते, अंगावर जुनी खूण आहे, सोबत आलेली स्त्री हसत हसत आपली ओळख बदलते. कळवलं यात डॉक्टरची चूक नाही. कायद्याने त्याला कळवावंच लागतं, आणि खरोखर मार खाणारी मुलं अशाच एखाद्या डॉक्टरमुळे वाचतात. माझं भांडण त्याच्याशी नाही. त्यानंतरचा कुठलाही माणूस त्याच्यापेक्षा एक प्रश्न जास्त विचारायला तयार झाला नाही, भांडण या गोष्टीशी आहे.

अधिकारी बाई मिरीच्या शाळेत गेल्या. मुलांना घरच्यांपासून लांब, एकटं गाठून विचारायचं, असा नियम आहे आणि नियम बरोबरच आहे. मुख्याध्यापिकेच्या खोलीत मिरीला बिस्किट देऊन त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आई, ताई, मामा, ढब्बू आणि मी."

"आजी नाही?"

"आम्हाला आजी नाही." बापाची आई मिरीच्या जन्माआधीच वारली होती. मिरीच्या दृष्टीने प्रश्न तिथेच संपला.

"ताई काय करते?"

"कामावर जाते. रोज."

"आणि आई?"

"आई घरीच असते. तिचे पाय दुखतात. तिला उठवायचं नाही."

"उठवलं तर?"

मिरी हसली. "काठी."

अधिकारी बाईंनी घरातल्या माणसांच्या नोंदी काढल्या. ताई नावाची थोरली मुलगी कुठल्याच नोंदीत सापडेना. म्हणजे घरात एक मोठी मुलगी आहे, ती कामाला जुंपलेली आहे आणि घरच्यांनी ती लपवली आहे. फाइल आता चांगलीच जाड झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोर्टापुढे गेली, आणि ताईला काही माहीत व्हायच्या आत, तात्पुरता म्हणून, मुलांना ताब्यात घ्यायचा आदेश निघाला. अशा घाईच्या आदेशाला घरच्यांना आधी बोलवावंच लागत नाही. त्यांचं म्हणणं नंतर ऐकतात.

त्या संध्याकाळी अधिकारी बाई एका पोलीस बाईला घेऊन दारात उभ्या राहिल्या. ताई नुकतीच कामावरून आली होती, मुलं जेवत होती.

"मुलांची आई कोण?"

"मी," ताई म्हणाली.

तेवढ्यात मिरीने आतल्या खोलीकडे हाक मारली, "आई, कोणीतरी आलंय." आजी काठी टेकत बाहेर आली.

"मग या कोण?"

"ही आई."

"तुम्ही आत्ता म्हणालात तुम्ही आई."

"मी मुलांची आई. ही माझी आई. मुलं हिला आई म्हणतात."

"मग ताई कोण?"

"ताई मीच की."

अधिकारी बाईंनी हातातला आदेश ताईपुढे धरला. मग म्हणाल्या, "हे तुम्ही कोर्टात सांगा."

ताई सांगते की तिला त्या क्षणी हसू आलं होतं. इतकी साधी गोष्ट, आत्ता यांना उलगडेल आणि चहा घेऊन जातील, असं वाटलं. पण आदेश सकाळीच निघाला होता आणि निघालेला आदेश दारात उभं राहून मागे घ्यायची सोय त्यात नव्हती. मामा आडवा व्हायला निघाला, त्याला ताईनेच हाताने मागे सारलं. आजी पोलीस बाईला म्हणत राहिली, "काठी माझी आहे, मला न्या." ढब्बूच्या प्लास्टरवरून स्वेटरची बाही चढेना, तेव्हा ताईने ती शिवणीवर टराटरा उसवली आणि त्याला स्वेटर घातला.

मिरीने विचारलं, "ताई येणारेय ना आमच्याबरोबर?"

अधिकारी बाई तिच्यापुढे खाली बसून, अगदी मायेने म्हणाल्या, "तिथे पण ताई आहेत ना. खूप ताई आहेत."

कोर्टाने ताईला वकील दिला. तो वाईट नव्हता. त्याच्याकडे वेळ नव्हता. कोर्टाच्या जिन्यावरच उभं राहून त्याने सगळं ऐकलं आणि हात झटकले. "हात्तिच्या. एवढंच ना? मुलांनी तुम्हाला आई म्हटलं की प्रकरण संपलं."

ताईने ते वाक्य पदरात बांधून घेतलं. वकील म्हणाला म्हणजे कायद्यातच असणार. आणि इथे तिच्या हातून ती चूक झाली, जी तिच्यासारखी ताईच करू शकते.

बालगृहात भेटीची एक खोली होती. भिंतीवर प्राणी रंगवलेले, खाली रंगीत चटई, कोपऱ्यात खुर्ची टाकून एक बाई लिहीत बसलेली. आईबाप मुलांशी कसे वागतात ते टिपून ठेवणं हे तिचं काम. शेजारच्या चटईवर एक मुलगा होता. त्याचा बाप दारातून आत आला तसा तो टेबलाखाली जाऊन बसला. ताई मला म्हणाली, "त्या लेकराला मुळीच घरी पाठवू नका म्हणावं. बघूनच कळत होतं. मग माझी पोरं माझ्या गळ्यात पडली होती, ते त्या खुर्चीतल्या बाईला बघून कळलं नाही?"

पोरं गळ्यात पडली होती, पण 'ताई' म्हणत. ताईने त्यांना मांडीवर घेतलं आणि रोलरपाशी नव्या बाईला शिकवावं तसं शिकवलं.

"मिरी, नीट ऐक. आता मला आई म्हणायचं."

"का?"

"कोर्टात तसंच म्हणायचं असतं."

"मग आईला काय म्हणू?"

"तिला आजी म्हण."

"ती चिडेल."

"नाही चिडत. मी सांगते तिला. ढब्बू, तू म्हण बघू. आई."

"आई कुठाय?" ढब्बू दाराकडे बघत म्हणाला.

"मी. मी आई."

ढब्बूला हा खेळ आहे असं वाटलं. तो हसून म्हणाला, "नाही, तू ताई." ताईने पुन्हा सांगितलं. तो पुन्हा हसला. तिसऱ्यांदा तिचा आवाज चढला आणि तो रडायला लागला. कोपऱ्यातल्या बाईने सगळं लिहून घेतलं: आईचा मुलांवर विशिष्ट बोलण्यासाठी दबाव, मूल आईला आई मानण्यास ठाम नकार देते, भेटीनंतर मूल अस्वस्थ.

यातला एकही शब्द खोटा नाही. डोकं फिरतं ते याच गोष्टीने. त्या फाइलीत पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत कुणी खोटं बोललेलं नाही. मुलं खरं बोलली, डॉक्टरने खरं लिहिलं, या बाईने जे दिसलं ते लिहिलं. आणि सगळ्या खऱ्याची बेरीज करून एक अशी बाई उभी राहिली, जी जगात कुठेच नव्हती: गोळ्या खाऊन झोपणारी, काठी उगारणारी, पोटच्या मुलांनीही न ओळखलेली. या बाईवर खटला चालला. शिक्षा मात्र आमच्या ताईला झाली.

सुनावणीच्या दिवशी मी रजा टाकून तिच्याबरोबर गेलो. कोर्टाच्या दारात नाव पुकारणारी शिपाईबाई वयस्कर होती. बाकावर बसून बसून बोलणं निघालं आणि ताईने तिला सगळं सांगितलं.

शिपाईबाई हसली. "माझे दोन घोडे अजून मला वहिनी म्हणतात. थोरल्याला मिशा आल्यात."

"मग आत सांगा ना हे," ताई म्हणाली. "आत सांगा की असं असतं घराघरांत."

"आम्ही आत बोलायचं नसतं, बाई. आम्ही फक्त पुकारायचं."

न्यायाधीश मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी मिरीला एकटीला आपल्या खोलीत नेलं, चॉकलेट दिलं, गप्पा मारल्या. हेही नियमाला धरून आणि चांगुलपणाने. नंतर ते बोलणं सगळ्यांपुढे वाचलं.

"बाहेर बसलीय ती कोण?"

"आई."

"नक्की?"

"हो. ताईने सांगितलंय आई म्हणायचं."

वाचून झाल्यावर ताईने मान खाली घातली. पोरगी किती शहाणी. सांगितलं तसं बोलली, आणि खोटं बोलायचं नाही हेही तिला ताईनेच शिकवलेलं. वकील उठून म्हणाला की ही फक्त हाकेची पद्धत आहे. न्यायाधीश बाई म्हणाल्या, पद्धत असेल, पण मग मुलांना शिकवायची गरज का पडली? अधिकारी बाई म्हणाल्या, हे स्पष्टीकरण मुलं ताब्यात घेतल्यानंतर प्रथमच पुढे आलं. आधी कसं येणार? आधी विचारलंच कुणी नव्हतं. ताई हे मोठ्याने म्हणाली, तर तिला सांगण्यात आलं की वकिलामार्फत बोला. सोडून गेल्यापासून ज्या बापाने मुलांचं तोंड पाहिलं नव्हतं त्यालाही नोटीस गेली होती. तो आला नाही आणि त्याबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही. आईमुलांच्या नात्याची तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी, तोवर मुलं तिथेच राहावीत, असं ठरलं.

'तोवर' हा शब्द कोर्टात फार सहज वापरतात. ढब्बूच्या हाताचं प्लास्टर 'तोवर'मध्ये निघालं. मिरीचा पुढचा दात 'तोवर'मध्ये पडला. तो कुणी ठेवला की फेकला, ताईला कळलं नाही. लाँड्रीत ताईने बोलणं सोडलं. चादरी तिरक्या जायला लागल्या. मी रोज यंत्र बंद करून त्या सोडवायचो आणि कुणी तिला काही म्हणायचं नाही.

तज्ज्ञ म्हणून आलेल्या बाई निवृत्तीला टेकलेल्या होत्या. त्यांनी बराच वेळ काही विचारलंच नाही, मुलांबरोबर चटईवर बसून ठोकळे रचले. मग मामाने पाठवलेला घरातल्या सगळ्यांचा एक फोटो काढून ढब्बूपुढे ठेवला.

"आई दाखव बरं."

ढब्बूने आजीवर बोट ठेवलं.

"ताई?"

त्याने ताईवर बोट ठेवलं आणि फोटो उचलून पोटाशी धरला.

"तू कुणाच्या पोटातून आलास, माहितेय का?"

"ताईच्या," मिरीनेच उत्तर दिलं, असं काय विचारताय अशा सुरात. "आम्ही दोघंपण."

झालं. इतकंच होतं. हा प्रश्न पहिल्या दिवशी डॉक्टरला विचारता आला असता, शाळेत विचारता आला असता, दारात विचारता आला असता. त्याला पदवी लागत नव्हती, फक्त समोरचं मूल ज्या शब्दात बोलतंय तो शब्द त्याच्या घरात कुणाचा आहे एवढी शंका यायला हवी होती. मी रोज यंत्रांशी झटतो. एखाद्या मापकाने भलताच आकडा दाखवला, तर आधी तो मापक कुठे जोडलाय ते बघायचं, हे नवशिक्यालाही सांगतात. इथे माणसाचं पोर उचलून नेलं आणि तार कुठे जोडलीय ते कुणी पाहिलं नाही.

तज्ज्ञ बाईंचा अहवाल आला. तुम्हाला वाटेल, मग मुलं दुसऱ्या दिवशी घरी आली असतील. मलाही वाटलं होतं. न्यायाची घाई फक्त न्यायच्या वेळी असते. आणायच्या वेळी तारखा असतात. एका तारखेला न्यायाधीश बाई रजेवर होत्या. एका तारखेला अधिकारी बाईंनी नवा मुद्दा काढला: काठीवाली आणि गोळीवाली जर आजी असेल, तर मुलं दिवसभर तिच्यावर सोपवणं सुरक्षित आहे का? म्हणजे ती जी कुठेच नसलेली बाई होती, तिचे गुन्हे आता आजीच्या अंगावर चढवले. आजी कोर्टात आली नाही. काठी घेऊन गेले तर परत तेच म्हणतील, म्हणाली, आणि काठीशिवाय जिना चढता येत नाही.

शेवटी अटींवर मुलं घरी आली. दुपारी आजीकडे मुलं एकटी ठेवायची नाहीत, म्हणून ताईला रोलर सोडून पहाटे सुटणाऱ्या धुलाईच्या पाळीत जावं लागलं. अधिकारी बाई मधूनमधून येऊन घर बघून जात. ताई त्यांना पाणी द्यायची, बसा म्हणायची. "त्या तरी काय करणार," असं एकदाच म्हणाली आणि पुढच्याच श्वासात, "त्यांना एकदा तरी वाटायला हवं होतं पण."

घरी आलेली मुलं वेगळी होती. मिरी आता उत्तर द्यायच्या आधी थोडी थांबते. समोरच्याला कुठलं उत्तर हवंय, याचा अंदाज घेते. आजीला ती आजी म्हणते, आणि आजी ओ द्यायला वेळ लावते, कारण तिला अजून सवय नाही. ढब्बू ताईला आई म्हणतो. नीट, स्पष्ट, बालगृहात घोटून घेतल्यासारखं. 'ताई' अशी हाक तो कधीमधी मारतो, दूध सांडलं की, बुटाची नाडी सुटली की. पण तेव्हा तो ताईकडे बघत नाही, दाराकडे बघतो. ती हाक आता बालगृहातल्या बायकांची झाली आहे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

मागच्या महिन्यात शेवटची तारीख झाली. मी होतो. न्यायाधीश बाई खरोखर आनंदल्या होत्या. आदेश त्यांनी स्वतः वाचून दाखवला: देखरेखीची गरज उरलेली नाही, प्रकरण बंद करण्यात येत आहे. आणि मग त्यात असं वाक्य होतं की बालगृह, अधिकारी आणि तज्ज्ञ यांच्या संयुक्त प्रयत्नांमुळे आई व मुलांचं नातं समाधानकारकरीत्या सुधारलं आहे. मुलं आता आईला आई म्हणून स्वीकारतात व तशी हाक मारतात.

वकिलाने ताईच्या पाठीवर थाप मारली. "सुटलात. चला."

ताई जागची हलली नाही. तिने हात वर केला, शाळेत करतात तसा. न्यायाधीश बाई थांबल्या आणि या वेळी वकिलामार्फत बोला असं म्हणाल्या नाहीत. ताईने काहीतरी विचारलं, पण तोवर शिपाईबाईने पुढचं नाव पुकारलं होतं, माणसं आत शिरली होती, फाइल टेबलावरून उचलली गेली होती. न्यायाधीश बाईंनी कानाला हात लावून "काय?" असं केलं आणि मग मान हलवून हसल्या. बहुतेक त्यांना वाटलं, बाई आभार मानतेय.

बाहेर जिन्यावर मी ताईला विचारलं की काय विचारत होतीस. तिने तोच प्रश्न मला पुन्हा विचारला, मोजक्या शब्दांत, आवाज न चढवता. तेव्हापासून ती तो प्रश्न भेटेल त्याला विचारते. मॅनेजरला विचारला, प्रकरण बंद झाल्याचे कागद द्यायला आलेल्या अधिकारी बाईंना विचारला. त्या म्हणाल्या, आता प्रकरण बंद झालंय ना, कशाला उकरता?

नातं सुधारलं म्हणतात. मग आधी आमच्यात काय बिघडलं होतं?